गॅरेज घराच्या आत की बाहेर?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत जानेवारीचे सरासरी तापमान उणे ९ अंश सेल्सियसच्या आसपास असते, ३० जानेवारी २०१९ रोजी पारा उणे ३३ अंशांपर्यंत उतरला होता, आणि जुलैत हाच प्रदेश कधीकधी ३२-३३ अंशांपर्यंत चढणाऱ्या दमट उन्हाळ्यातून जातो. एवढा फरक सोसणाऱ्या घराच्या भिंतींत आणि छतात इन्सुलेशन, म्हणजे उष्णतेचे वहन मंदावणारा थर, किती असावा हे बांधकाम-संहितेने ठरवून दिलेले असते. परंतु गॅरेज तापवले जात नसेल तर त्याच्या बाहेरच्या भिंतींचा निर्णय बहुतांशी घरमालकावर सोडलेला असतो. पुण्या-मुंबईहून किंवा नागपूरहून येऊन येथे पहिले घर घेणाऱ्या कुटुंबाला या निर्णयाची पूर्वकल्पना सहसा नसते, कारण महाराष्ट्रात वाहन उभे करण्याच्या जागेला भिंती असल्या तरी त्या भिंतींनी थंडी अडवावी अशी अपेक्षा कोणी कधी केलेली नसते.

या शहरांत गॅरेज दोन तऱ्हांचे आढळते. मिनियापोलिसच्या जुन्या वस्त्यांत घरांच्या मागून एक गल्ली जाते आणि त्या गल्लीकडे तोंड करून, घरापासून सुटे असे गॅरेज उभे असते. उपनगरांत, म्हणजे ईडन प्रेरी, प्लिमथ, मेपल ग्रोव्ह, वुडबरी अशा ठिकाणी, जेथे गेल्या काही दशकांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली, तेथे ते घराला चिकटलेले, दोन किंवा तीन गाड्यांचे असते आणि घरात शिरण्याची रोजची वाट त्याच्यातूनच जाते. या दुसऱ्या तऱ्हेच्या गॅरेजमध्ये गाड्यांखेरीज बराच संसार मांडलेला असतो. तांदळाची मोठी पोती, गणपतीच्या मखराचे सुटे भाग, ढोल-ताशे, बर्फ उडवण्याचे यंत्र, थंडी सुरू होताच आत आणलेली कढीपत्त्याची कुंडी आणि पुष्कळदा एक जादा शेगडी तेथे असते, कारण दिवाळीच्या चकल्या-शेवेचा तळणाचा वास बंद घरात आठवडाभर रेंगाळतो आणि तो टाळण्यासाठी तळण गॅरेजमध्ये हलवलेले असते. कोकणातल्या घराच्या पडवीप्रमाणे ही जागा धड घरात नाही आणि धड बाहेर नाही. पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांचे झाप बांधताना ते कशासाठी बांधायचे हे ठाऊक असते. गॅरेजच्या बाबतीत तोच प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही, आणि दुकानात जाऊन काचतंतूंच्या गुलाबी लोकरीचे गठ्ठे आणण्यापासून कामाला सुरुवात होते.

गॅरेजचे इन्सुलेशन निवडणे म्हणजे प्रथम, ती जागा घराच्या आत मोजायची की बाहेर, हे ठरवणे होय; कोणता पदार्थ वापरायचा आणि किती जाडीचा वापरायचा हे प्रश्न त्यानंतरचे. बांधकाम-संहिता या बाबतीत निःसंदिग्ध आहे. तिच्या दृष्टीने न तापवलेले गॅरेज बाहेरच असते, म्हणून घर आणि गॅरेज यांच्यामधली सामाईक भिंत ही घराची बाह्य भिंत मानली जाते आणि तीत पूर्ण इन्सुलेशन घालावेच लागते. त्या भिंतीच्या गॅरेजकडील अंगाला किमान अर्धा इंच जाडीचा जिप्समचा तक्ता, ज्याला येथे ड्रायवॉल म्हणतात, बसवावा लागतो. गॅरेजच्या वर राहती खोली असेल तर छताला पाच अष्टमांश इंचाचा, आगीला अधिक काळ तोंड देणारा तक्ता लागतो. मधला दरवाजा भरीव लाकडाचा, पोलादी किंवा २० मिनिटे आग थोपवणारा असावा लागतो. आणि घराच्या भट्टीतून येणाऱ्या गरम हवेच्या नळाचे तोंड गॅरेजमध्ये उघडता येत नाही. या शेवटच्या नियमाचा भंग फार सहजपणे होतो. छतातून जाणाऱ्या नळाला एक भोक पाडले की गॅरेज फुकट तापेल असे वाटते, पण भट्टी थांबल्यावर त्याच भोकातून गॅरेजमधली हवा घरभर पोहोचण्याची वाट मोकळी होते.

ती हवा कशाची असते याचा विचार थंडीपेक्षा अगोदर व्हायला हवा. थंड इंजिन सुरू होताना कार्बन मोनॉक्साइड हा रंग आणि वास नसलेला विषारी वायू सर्वाधिक प्रमाणात बाहेर पडतो, गवत कापण्याच्या यंत्रात आणि पेट्रोलच्या डब्यात बेंझीनची वाफ असते, आणि हिवाळ्यात उबदार घरातील हलकी हवा वरच्या मजल्यांच्या फटींतून निसटू लागली की तिची जागा भरण्यासाठी खालच्या भागातून, म्हणजे नेमकी गॅरेजच्या बाजूने, हवा आत ओढली जाते. बांधकामशास्त्रात याला धुरांडे-परिणाम म्हणतात. बाहेर जितकी थंडी तितका तो जोरकस असतो. त्यामुळे सामाईक भिंतीतील विजेच्या पेट्यांभोवतीच्या, नळ जेथे भिंत ओलांडतात तेथील आणि भिंतीच्या तळपट्टीखालच्या फटी लेपाने बुजवणे हे काम इन्सुलेशनच्या जाडीहून महत्त्वाचे ठरते. काचतंतूंची लोकर हवा अडवत नाही, तिच्यातून हवा सहज गाळली जाते, आणि भिंत लोकरीने गच्च भरलेली असूनही घरात पेट्रोलचा वास येत असेल तर त्याचे कारण बहुधा येथेच सापडते. मिनेसोटाच्या कायद्यानुसार झोपण्याच्या प्रत्येक खोलीपासून १० फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा गजर असणे बंधनकारक आहे. गॅरेजवर खोली असलेल्या घरांत तो चालू आहे ना, हे इन्सुलेशनच्या कामाआधी आणि नंतर दोन्ही वेळा तपासणे आवश्यक आहे. तळणाच्या शेगडीबाबतही येथेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे: प्रोपेनची शेगडी गॅरेजमध्ये, दार अर्धे उघडे ठेवूनसुद्धा, पेटवू नये, आणि गॅरेजच्या फटी बुजवून झाल्यावर तर मुळीच नाही, विजेची शेगडीही उघड्या फोमपासून आणि कागद लावलेल्या लोकरीपासून दूरच ठेवावी.

गॅरेजवरची खोली हा उपनगरांतील घरांचा दुखरा भाग आहे. मुलांच्या वाट्याला ती बहुधा येते आणि जानेवारीत तिची जमीन अनवाणी पायाला सोसवत नाही. कारण असे की गॅरेजचे छत आणि खोलीची जमीन यांच्यामधल्या तुळयांच्या पोकळीत लोकर घातलेली असली तरी ती वजनाने खाली बसते, जमिनीच्या फळीपासून सुटते, आणि मधल्या फटीतून थंड हवा खेळत राहते. लोकर फळीला चिकटलेली असेल तरच तिचा उपयोग होतो. म्हणून अशा पोकळीत सेल्युलोज, म्हणजे अग्निरोधक क्षार मिसळलेला वर्तमानपत्रांचा भुगा, नळीने दाबून गच्च भरणे किंवा फळीच्या खालच्या अंगाला फोम फवारणे हे दोन उपाय टिकाऊ ठरतात. आणि जेथे या तुळया सामाईक भिंतीवरून घराच्या आत जातात तेथे प्रत्येक पोकळीचे तोंड तुकडा बसवून बंद करावे लागते, अन्यथा थंड हवा दोन मजल्यांच्या मधून स्वयंपाकघराच्या छतापर्यंत पोहोचते.

बाहेरच्या भिंतींकडे वळताना एक परिमाण समजून घ्यावे लागते. अमेरिकेत इन्सुलेशनच्या प्रत्येक गठ्ठ्यावर आर या अक्षरापुढे एक आकडा छापलेला असतो. उष्णतेला होणारा रोध तो दाखवतो आणि आकडा दुप्पट झाला की त्या थरातून जाणारी उष्णता निम्मी होते. हा आकडा फूट आणि फॅरनहाइट या मापांत मोजलेला असल्यामुळे तो मेट्रिक मापाच्या सुमारे पावणेसहा पट मोठा दिसतो, म्हणजे येथील आर-१३ हा मेट्रिकमध्ये साधारण २.३ भरतो. आकड्याचा खरा उपयोग तुलनेसाठी होतो. समजा २४ फूट लांब, तितकेच रुंद आणि ८ फूट उंच असे गॅरेज आहे, त्याची एक बाजू घराला लागलेली आहे, आत ७ अंश राखायचे आहेत आणि बाहेर उणे २६ अंश आहेत. पुढच्या बाजूचे वर सरकणारे दार १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच धरले आणि ते साध्या पोलादी पत्र्याचे, म्हणजे जेमतेम आर-१ चे असले, तर त्याच्यातून सुमारे दोन किलोवॉट उष्णता सतत बाहेर जाते. उरलेल्या तिन्ही उघड्या भिंतींचे क्षेत्रफळ दाराच्या चौपटीहून अधिक आहे, तरी त्यांत आर-१३ ची लोकर घातल्यावर त्या सगळ्या मिळून साधारण ६३० वॉट गमावतात. लाकडी खांबांतून निसटणारी उष्णता धरली तरी चित्र फारसे बदलत नाही. दार तसेच ठेवून भिंतींवर केलेला खर्च कोठे जातो हे यावरून दिसते. तेच दार प्रत्यक्षात आर-९ चा रोध देणारे असेल तर त्याचे नुकसान २२० वॉटांवर येते. दारांच्या जाहिरातींत १२ ते १८ असे आकडे असतात, परंतु ते बहुधा एका पट्ट्याच्या मध्यभागी मोजलेले असतात आणि पट्ट्यांचे सांधे, कडा, खालचा रबर यांमुळे संपूर्ण दाराचा रोध त्याहून कमी भरतो, म्हणून वरच्या गणितात ९ धरणे प्रामाणिकपणाचे आहे. दाराच्या तळाचा रबर कडक होऊन एका कोपऱ्यात बोटभर वर राहिला असेल तर हे गणितही कोलमडते. संध्याकाळी आतला दिवा लावून बाहेर उभे राहिले की प्रकाशाची ती रेघ दिसते, आणि खरेदीची सुरुवात तेथून व्हावी.

जुन्या पत्र्याच्या दाराला आतून चिकटवण्याचे फोमचे तक्ते दुकानांत मिळतात आणि स्वस्तही असतात. मात्र दाराचे वजन वर बसवलेल्या पिळदार स्प्रिंगने तोललेले असते; दार जड झाले की तोल बिघडतो, उघडणाऱ्या मोटारीवर ताण येतो, आणि स्प्रिंगचा ताण पुन्हा जुळवावा लागतो. त्या स्प्रिंगमध्ये साठलेली शक्ती हात मोडण्याइतकी असते. हे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे, आणि त्याची मजुरी तक्त्यांच्या किमतीत सुरुवातीपासून धरावी.

पदार्थांच्या निवडीत एकच एक उत्तर नाही. चार इंची म्हटल्या जाणाऱ्या, प्रत्यक्षात साडेतीन इंच खोल अशा लाकडी सांगाड्यात काचतंतूंची लोकर आर-१३ देते आणि ती सर्वांत स्वस्त पडते. परंतु ती ओली झाली की निकामी होते आणि उंदरांना तिच्यात घरटी करायला आवडते. तेवढ्याच खोलीत दगडी लोकर, म्हणजे वितळवलेल्या खडकाचे आणि धातुमळीचे तंतू, आर-१५ देते, पाणी झटकून टाकते आणि जळत नाही. गॅरेजच्या भिंतीसाठी थोडे अधिक पैसे मोजून हीच घ्यावी असे म्हणण्यास सबळ कारण आहे, आणि ते कारण जमिनीलगत दिसते. गाडीच्या चाकांवरच्या पोकळीत अडकलेला मीठमिश्रित बर्फ आत आल्यावर ढेपांनी गळतो, वितळतो, उतार चुकलेल्या काँक्रीटवरून भिंतीकडे वाहतो, आणि मार्चपर्यंत ड्रायवॉलच्या खालच्या चार-सहा इंचांवर मिठाचा पांढरा काठ उमटतो. त्याच्यामागे काचतंतूंची लोकर असेल तर ती तळातून ओल शोषत राहते. तक्ता जमिनीपासून थोडा वर उचलून बसवणे आणि तळाशी ओलीने न बिघडणारा पदार्थ घालणे एवढ्याने हे टळते.

फोमचे तक्ते तीन प्रकारचे असतात. पांढरा, मण्यामण्यांचा फोम इंचाला सुमारे आर-४ देतो, साच्यातून दाबून काढलेला गुलाबी किंवा निळा आर-५ देतो, आणि चकचकीत पत्रा लावलेला पॉलिआयसो नावाचा आर-६ च्या आसपास देतो. पण गठ्ठ्यावरचा आकडा सुमारे २४ अंश सरासरी तापमानाला मोजलेला असतो, आणि पॉलिआयसोचा रोध कडक थंडीत घटतो, तर पहिल्या दोघांचा किंचित वाढतो. मिनेसोटाच्या जानेवारीसाठी निवड करताना ही गोष्ट आकड्याइतकीच मोलाची आहे. फवारून लावण्याचा, बंद छिद्रांचा फोम इंचाला आर-६ ते ७ देतो आणि फटीही बुजवतो, म्हणून तो सर्वोत्तम म्हणून विकला जातो. तो सर्वांत महागही आहे, चुकीच्या मिश्रणाने फवारला तर वास आणि आकसणे यांचा त्रास मागे राहतो, आणि फवारणीच्या वेळी घरातील माणसांना कंत्राटदार सांगेल तितके तास बाहेर राहावे लागते. गॅरेजवरच्या खोलीच्या जमिनीसाठी त्याचा खर्च समर्थनीय आहे, सुट्या गॅरेजच्या भिंतीसाठी नाही. भिंतीत किंवा छतात फोम सहसा उघडा ठेवता येत नाही. तो पेट घेतो आणि दाट विषारी धूर सोडतो, म्हणून त्याच्यावर सहसा अर्ध्या इंचाचा जिप्समचा तक्ता लागतो. लोकरीच्या गठ्ठ्याला चिकटवलेल्या तपकिरी कागदालाही हेच लागू आहे, तरी तो कागद वर्षानुवर्षे उघडा असलेली गॅरेजे सर्वत्र दिसतात.

हा कागद बाष्परोधकाचे, म्हणजे भिंतीत शिरणाऱ्या आर्द्रतेला अडवण्याचे काम करतो, आणि त्याची दिशा चुकणे ही घरमालकांच्या हातून होणारी सर्वांत नेहमीची चूक आहे. कोकणच्या पावसाळ्यात ओल बाहेरून आत येते. मिनेसोटाच्या हिवाळ्यात ती घरातून बाहेर जाऊ पाहते, वाटेत भिंतीच्या थंड फळीला लागून तिचे हिमकण बनतात आणि ऊब येताच ते वितळून लाकूड कुजवतात. म्हणून रोधक नेहमी हिवाळ्यात उबदार असणाऱ्या बाजूला असतो. याचा परिणाम असा की गॅरेजमध्ये उभे राहून काम करताना सामाईक भिंतीत कागद घराकडे, म्हणजे नजरेआड जातो, आणि तापवलेल्या गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीत तोच कागद कामकऱ्याच्या समोर येतो. सामाईक भिंतीत जुनी लोकर असताना तिच्यावर कागदाची दुसरी लोकर चढवली तर ओल दोन रोधकांच्या मध्ये कोंडली जाते.

गॅरेज तापवायचे की नाही याचे उत्तर पुष्कळांना वाटते त्याहून संयमित असावे. घराला लागलेले, नीट बंद केलेले आणि दाराला इन्सुलेशन असलेले गॅरेज घराच्या आणि जमिनीच्या उबेवर बाहेरच्यापेक्षा काही अंश गरम राहते, आणि बॅटरी व इंजिन यांना तेवढे पुष्कळ होते, कारण उणे १८ अंशांना शिसे-आम्लाच्या बॅटरीची इंजिन फिरवण्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर आलेली असते. त्याउलट रस्त्यावरील मीठ घेऊन आलेली गाडी १५-२० अंशांच्या ओलसर उबेत रोज रात्रभर उभी राहिली तर गंजण्याची रासायनिक क्रिया वेग धरते. तेथे लाकूडकाम, व्यायाम किंवा ढोलाचा सराव होणार असेल तर त्या वेळेपुरते तापवावे. वायूचा हीटर बसवायचाच असेल तर त्याची ठिणगी जमिनीपासून किमान १८ इंच उंच असावी लागते, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून ती जमिनीलगत साठते. गल्लीकडच्या सुट्या गॅरेजला उबेचा कोणताच स्रोत नसतो, आणि जेथे उष्णता निर्माणच होत नाही तेथे तिला अडवणारा थर काही तासांचा विलंब सोडून काही देत नाही. त्या मालकाने भिंती उघड्या ठेवून इंजिन उबदार ठेवणाऱ्या हीटरसाठी विजेची जोडणी घ्यावी, हा सल्ला दुकानदार देणार नाही, पण तो योग्य आहे.

जुने घर घेणाऱ्यांसाठी या शहराच्या इतिहासात एक इशारा आहे. माँटाना राज्यातील लिबी येथील खाणीतून निघालेले वर्मिक्युलाइट हे खनिज रेल्वेने मिनियापोलिसच्या ईशान्य भागातील कारखान्यात येत असे. तापवल्यावर त्याचे पापुद्रे फुगून हलके दाणे बनत आणि ते झोनोलाइट या नावाने माळ्यावर ओतण्याचे इन्सुलेशन म्हणून विकले जात. १९६३ मध्ये हा व्यवसाय डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीकडे आला आणि हा कारखाना १९८९ पर्यंत चालला. लिबीच्या खनिजात ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले होते, श्वासातून फुफ्फुसांत गेल्यावर अनेक वर्षांनी कर्करोग आणि फुफ्फुसांचे काठिण्य निर्माण करणारे. कारखान्याचा टाकाऊ चुरा आवाराबाहेर फुकट ठेवलेला असे, आसपासच्या कष्टकरी वस्तीतील लोक तो अंगणात आणि वाटांवर पसरत, मुले त्या ढिगावर खेळत. पुढे संघीय पर्यावरण संस्थेला शेकडो घरांच्या आवारांतील माती उकरून न्यावी लागली. स्वस्त मिळालेल्या वस्तूची किंमत त्या वस्तीने श्वासाने मोजली, आणि इन्सुलेशनबद्दलच्या कोणत्याही चर्चेत तिची आठवण राहायला हवी.

माळ्यावर किंवा गॅरेजच्या छताच्या पोकळीत करड्या-सोनेरी झाकेचे, खड्यांसारखे चमकणारे आणि जवळून पाहिल्यास पापुद्र्यांचे दिसणारे दाणे आढळले, तर त्यांत ॲस्बेस्टॉस आहे असे धरूनच चालावे, ते झाडू नयेत, साध्या घरगुती व्हॅक्यूमने ओढू नयेत, आणि काढायचे असल्यास परवानाधारक लोकांना बोलवावे. नवे इन्सुलेशन, मग ते कितीही उत्तम आर-मूल्याचे असो, त्यानंतरच निवडावे. तोवर त्या छताला नव्या दिव्यासाठी किंवा दाराच्या मोटारीच्या टेकूसाठी एकही भोक पाडू नये.